बारा किलो तुरटी

सकाळचे सात वाजायला पाच मिनिटं कमी होती. नव्या तरण तलावाच्या जाळीच्या कुंपणाला माणसं अशी चिकटली होती, की गुळाच्या ढेपेला मुंगळेही तसे चिकटत नसतील. पुढच्यांची नाकं जाळीतून आत आली होती आणि मागचे टाचा उंचावून "दिसतंय का? काही दिसतंय का?" करत पुढच्यांच्या पाठीत कोपरं खुपसत होते. आदल्या संध्याकाळपर्यंत या तलावाचं पाणी फार वेळ उकळलेल्या चहासारखं तपकिरी होतं. तलाव भरल्यापासून सगळं शहर येऊन त्याला नावं ठेवून गेलं होतं.

सात वाजले. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून ऊन खाली उतरलं आणि सरळ पाण्यात शिरलं. पायऱ्या दिसल्या. पायऱ्यांखालच्या निळ्या फरश्या दिसल्या. खोल बाजूच्या भिंतीवर रंगवलेला आकडासुद्धा वाचता आला.

"निवळलं! अहो, निवळलं!" कुणीतरी किंचाळलं, आणि मग टाळ्या, रडणं, हात जोडणं सगळं एकदमच सुरू झालं.

काठावर खुर्ची टाकून बसलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या गृहस्थांनी डोळे उघडले. इतका वेळ ते मिटून होते खरे, पण बरोबर सातच्या ठोक्याला उघडले. "मी काहीच केलं नाही, बाळांनो," ते मधाळ आवाजात म्हणाले. "पाण्याला स्मृती असते. मी त्याला त्याच्या बालपणाची आठवण करून दिली, इतकंच."

त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं निवळबाबा.

पंपाच्या खोलीच्या दारात एक माणूस हे सगळं ऐकत उभा होता. तलावाचं पाणी सांभाळायची नोकरी त्याची. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब मोजून टाकायचे, रंग पाहायचा आणि वहीत लिहायचं, असा त्याचा दिवस जाई. म्हणून सगळे त्याला थेंबमोजे म्हणत.

"अहो, ती तुरटी आहे," तो म्हणाला. "काल दुपारी मीच टाकली. बारा किलो."

शेजारच्या बाईनं त्याच्याकडे न बघताच "श्श!" केलं.

घडलं होतं ते असं. तलाव भरला होता बोअरच्या पाण्यानं, आणि त्या पाण्यात लोखंड होतं. जमिनीतून वर येताना असं पाणी काचेसारखं दिसतं, पण जंतू मारायला क्लोरीन घातलं की त्यातलं लोखंड गंजतं आणि सगळा तलाव तपकिरी होतो. थेंबमोजेंना हे ठाऊक होतं. उपायही ठाऊक होता. आधी पाण्याचा आंबटखारटपणा जागेवर आणायचा, कारण नव्या सिमेंटच्या टाकीत पाणी खारं, म्हणजे सोड्याच्या पाण्यासारखं, होत जातं. मग तुरटी विरघळवून सगळीकडे शिंपडायची, पंप बंद करायचा आणि पाण्याला हात लावायचा नाही. गंजाचे कण एकमेकांना धरून जड होतात आणि तळाशी बसतात. घरात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवतात, तेच. हंडा तेवढा मोठा.

पण तलाव समितीच्या अध्यक्षांना धीर कुठला? उद्घाटन तोंडावर आलेलं, आणि वर्तमानपत्रात फोटो छापून आला होता, 'शहराला लाभला चहाचा तलाव'. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांनी हे बाबा गाठले. बाबा दुपारी चार वाजता पाहणी करायला आले, तेव्हा थेंबमोजे कोपरापर्यंत हात बुडवून बादलीत तुरटी ढवळत होते.

"काय करतोस, बाळा?" बाबांनी मायेनं विचारलं.

इतक्या दिवसांत "कधी होणार?" हे सगळ्यांनी विचारलं होतं, "काय करतोस?" हे कुणीच नाही. थेंबमोजे हरखले. त्यांनी लोखंड सांगितलं, गंज सांगितला, तुरटी सांगितली. "पाच वाजता पंप बंद करतो. उद्या सकाळी सातला ऊन आलं की तळ दिसेल बघा."

"छान, छान," म्हणत बाबांनी त्यांच्या पाठीवर थोपटलं, बाहेर गेले, आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, "उद्या सकाळी सात वाजता."

थेंबमोजे तेव्हा आतच होते. हात तुरटीत होते आणि कान पंपाच्या आवाजात.

त्या सकाळी पुढे जे झालं ते तर कुणाला सांगू नये. तळाशी बसलेला गंज उपसायचा राहिला होता. थेंबमोजेंनी नळी लावून तो ओढायला सुरुवात केली, आणि तपकिरी पाणी गटारात पडू लागलं. बाबांनी लगेच बोट दाखवलं. "बघा! चाललं बघा तुमचं पाप!" लोक गटाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहून आपापलं पाप वाहून जाताना भक्तिभावानं पाहू लागले. पाच तास थेंबमोजे वाकून नळी फिरवत होते. त्यांच्या घामाचा एकेक थेंब बाबांच्या खात्यावर जमा होत होता.

दुपारी बाबांनी दोन आज्ञा केल्या. या पाण्यात आता विष टाकायचं नाही. आणि यंत्राची घरघर पाण्याला बोचते, म्हणून पंप चालवायचा नाही.

"विष म्हणजे क्लोरीन?" थेंबमोजेंनी अध्यक्षांना बाजूला घेतलं. "साहेब, दोन दिवसांत उन्हानं आहे तेवढंही उडून जाईल. मग शंभर माणसं उतरली की शंभरांचे जंतू—"

"अहो, लोक किती खूष आहेत बघा तरी! कालपर्यंत मला तोंड दाखवायला जागा नव्हती."

"पण साहेब—"

"चावी माझ्याकडे द्या. तुम्ही खोलीत बसा, पगार चालू राहील."

चावी गेली. त्याच संध्याकाळपासून माणसं पाण्यात उतरू लागली. खरूजवाले आले, गुडघेदुखीवाले आले, डोळे आलेले आले, कान फुटलेले आले. थेंबमोजे रोज सकाळी काठावर उकिडवे बसून नळीत पाणी घेत, थेंब टाकत आणि वहीत लिहीत. तिसऱ्या दिवशीपासून क्लोरीनच्या रकान्यात एकच आकडा होता. शून्य.

त्याच दिवशी त्यांच्या पाणी तपासायच्या पेटीतली एक बाटली नाहीशी झाली. पाणी आंबट की खारं, हे दाखवणारी.

चौथ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. भरल्या गर्दीत ते ओरडले, "जखमा असतील त्यांनी पाण्यात उतरू नका! तीन दिवस यात औषध टाकलेलं नाही!"

बाबा रागावले नाहीत. त्यांनी प्रेमानं जवळ बोलावलं. शिष्यानं एक पेला पुढे केला, त्यात तलावाचं पाणी घेतलं. "धर, बाळा. हे पाणी माणसाचं मन दाखवतं. निर्मळ असेल तर पिवळं. नसेल तर…" आणि बाबांनी एका बाटलीतून दोन थेंब टाकले.

पेल्यातलं पाणी रक्तासारखं लाल झालं. गर्दीतून "आई गं!" असा एकच उद्गार निघाला.

"ही माझी बाटली आहे!" थेंबमोजे म्हणाले. "माझ्या पेटीतली!"

"तुरटी तुझी, बाटली तुझी, तलावही तुझाच असेल," बाबा हसले. "हा जो 'माझं माझं' आहे ना, बाळा, तोच लाल दिसतोय."

लोक पोट धरून हसले. त्या हसणाऱ्यांच्या मागे एक बाई खाली मान घालून उभी होती. ती त्यांची ताई.

ताई त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आईवडील गेले तेव्हा ती शिवणयंत्रावर बसली, आणि धाकट्याचं शिक्षण होईपर्यंत उठली नाही. लोकांचे सदरे, परकर, उशांचे अभ्रे, सगळं पाय मारत त्या यंत्राच्या पायटीवर. तिला मधुमेह होता. चार महिन्यांपूर्वी नवी चप्पल चावली आणि डाव्या अंगठ्याला जखम झाली, ती काही केल्या भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पाय कोरडा ठेवा, एक दिवसाआड पट्टी बदला. आणि मागच्या खेपेला हळूच म्हणाल्या होत्या की कदाचित अंगठा काढावा लागेल.

त्या दिवशी घरी आल्यावर ताई दोरा ओवत म्हणाली, "सगळ्यांसमोर काय शोभा केलीस रे!"

"ताई, तो पेला आधीच सोड्यानं पुसलेला असणार. खाऱ्या पाण्यात ते औषध लाल होतं. लिंबू लावलं की पिवळं. माझं रोजचं काम आहे हे!"

"असेल."

"असेल नाही, आहे! तू पाण्यात पाय घालू नकोस. शपथ आहे तुला माझी."

ताईनं सुई खाली ठेवली. "मी काल जाऊन आले. आजही गेले होते."

थेंबमोजेंची नजर तिच्या पायाच्या पट्टीवर गेली.

"तुझं सगळं खरं असेल रे, धाकट्या. पण तुझ्या खऱ्यानं माझी जखम भरत नाही ना. चार महिने झाले. डॉक्टरीणबाई म्हणतात कापू. हा माणूस म्हणतो बरं होईल. तू सांग, मी कुणाकडे जाऊ?" मग तिनं पट्टी सोडून पाय पुढे केला. "बघ, पांढरी पडलीये. आता दुखतही नाही."

जखमेची कड पांढरी होती, कारण पाण्यात भिजून कातडी मेली होती. आणि दुखत नव्हतं, कारण साखरेनं पायाच्या नसा केव्हाच बधिर केल्या होत्या. थेंबमोजेंनी हे सगळं सांगितलं. हात जोडले. ओरडले. शेवटी तिची चप्पल लपवून ठेवली. ती शेजारणीची घालून गेली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी दाराला बाहेरून कडी लावली, तेव्हा ती खिडकीशी बसून इतकं मूकपणे रडली, की तासाभरानं त्यांनी स्वतःच कडी काढली. जिनं लहानाचं मोठं केलं तिला कोंडायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

पाण्याला एव्हाना हिरवट झाक आली होती. बाबांनी त्याचाही अर्थ लावला. "पाण्यात आता जीवन उतरतंय!" एवढं एकच वाक्य ते खरं बोलले असतील. शेवाळ उतरलं होतं.

बाराव्या दिवशी ताईला थंडी वाजून ताप भरला. पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि त्यांचा चेहरा उतरला. "हा पाय कशात बुडवत होता?"

थेंबमोजेंनी सांगितलं. मग खिशातून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. बाईंनी पानं उलटली. शून्य, शून्य, शून्य.

"अंगठ्यावर भागेल का हो, बाई?" त्यांनी विचारलं.

बाईंनी वही मिटून परत दिली आणि शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद पुढे केला.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई थेंबमोजेंना म्हणाल्या, "माझ्या रजिस्टरमध्ये आठवड्यात चव्वेचाळीस कान आणि साठ डोळे आले आहेत. सगळे तुमच्या तलावातले. मी नुसतं सांगितलं तर लोक ऐकणार नाहीत. तुम्ही करून दाखवाल?"

"मी सांगून पाहिलंय, बाई."

"सांगू नका. करून दाखवा."

त्या दुपारी तलावावर तीनशे माणसं असतील. डॉक्टरीणबाई पांढऱ्या कोटातच आल्या, म्हणून वाट मिळाली. थेंबमोजेंनी बाकावर काचेची मोठी बरणी ठेवली आणि नळातून बोअरचं ताजं पाणी भरलं. पाणी नितळ होतं. त्यात चमचाभर क्लोरीन घातलं. पाणी आधी पिवळं, मग तांबूस, मग तपकिरी होत गेलं. पुढचे लोक गप्प झाले. हा रंग त्यांच्या ओळखीचा होता.

"आता ही तुरटी. तुमच्या घरात दाढीच्या सामानात असते तीच." त्यांनी चिमूटभर पूड टाकून ढवळलं. "आणि आता थांबायचं."

"किती?" कुणीतरी ओरडलं.

"तासभर."

लोक हसले. बाबांनी डोळे मिटले. शिष्यांनी "अहंकार! अहंकार!" म्हणून पाहिलं. डॉक्टरीणबाई बाकावर बसून राहिल्या. थेंबमोजे बरणीशेजारी उभे होते. दहा मिनिटांनी बरणीत बारीक कापसासारखे तपकिरी पुंजके दिसू लागले. अर्ध्या तासानं ते खाली सरकत होते आणि वरचं बोटभर पाणी मोकळं झालं होतं. आता कुणी हसत नव्हतं. तास भरायच्या आत बरणीतून पलीकडच्या माणसाच्या सदऱ्याची बटणं मोजता येत होती, आणि तळाशी गंजाचा थर बसला होता.

"पाप!" एक म्हातारा नकळत म्हणाला.

"लोखंड, आजोबा," थेंबमोजे म्हणाले.

मग डॉक्टरीणबाई उठल्या. त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेले दोन कोरे पेले काढले. "बाबा, आता मनाची परीक्षा या पेल्यांत घ्या. एक माझी, एक तुमची."

"ही परीक्षा श्रद्धेनं घ्यायची असते," बाबा म्हणाले. "संशयाच्या पेल्यात ती उतरत नाही."

इतक्यात गर्दीतून एक बाई तरातरा पुढे आली. मागच्या आठवड्यात तिच्या हातात पेला लाल झाला होता, आणि तेव्हापासून सासरचं कुणी तिच्याशी धड बोलत नव्हतं. शिष्य सावध व्हायच्या आत तिनं बाबांच्या चौरंगावरची ती थेंबांची बाटली उचलली आणि थेंबमोजेंच्या हातात दिली. "टाका."

दोन्ही पेल्यांत तलावाचं पाणी, दोन्हींत दोन दोन थेंब. दोन्ही सारखेच नारिंगी झाले. थेंबमोजेंनी एकात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला. रक्तासारखं लाल! दुसऱ्यात लिंबू पिळलं. पिवळंधमक!

त्या बाईनं लाल पेला उचलला. "म्हणजे माझं पाप सोड्याचं होतं?"

"हो, वहिनी. तो पेला तुमच्या हातात यायच्या आधीच ठरलेला होता. जो प्रश्न विचारील त्याला सोड्याचा."

"मी एवढंच विचारलं होतं," ती लोकांकडे वळून म्हणाली, "की पाणी हिरवं का दिसतंय."

बाबा उठले. मौनाची वेळ झाली, असं काहीसं म्हणाले आणि शिष्यांच्या घोळक्यात मागच्या फाटकातून गाडीत बसले. अध्यक्ष म्हणाले की त्यांना पहिल्यापासून शंकाच होती. चावी परत मिळाली. थेंबमोजेंनी तलावाला कुलूप लावलं आणि पाणी सोडून दिलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण कुलूप लागायच्या आधी, गर्दी पांगताना, तोच म्हातारा खिशातली बाटली तलावात बुडवून भरून घेताना दिसला. थेंबमोजेंनी विचारलं, "आजोबा, आत्ताच पाहिलंत ना तुम्ही?"

"पाहिलं की," म्हातारा म्हणाला. "पण तुरटीला निवळायची बुद्धी कोण देतं?" आणि बूच लावून निघून गेला. थेंबमोजेंच्या वहीत या प्रश्नाला रकाना नव्हता.

ताई घरी आली. शिवणयंत्राची पायटी तिनं आल्याआल्या एकदा पाहिली आणि मग तिकडे पाठ करून बसायला लागली. एके दुपारी ती म्हणाली, "तू मला अडवलं होतंस."

"हो, ताई."

"कडी का काढलीस रे?"

तिला उत्तर नकोच होतं. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दोन महिन्यांनी थेंबमोजे तिला दवाखान्यात घेऊन गेले. बाकावर शेजारी एक तरुण बाई बसली होती. तिच्या टाचेला पट्टी होती आणि मांडीवर कसल्याशा तेलाची बाटली. ती ताईला हळूच सांगू लागली की पलीकडच्या वस्तीत एकजण मंतरलेलं तेल देतो, जखम सात दिवसांत सुकते, तिच्याच शेजारणीची सुकली.

"त्यात काय असतं?" ताईनं विचारलं.

"ते सांगत नाहीत."

"तू विचारलंस?"

"अहो, एवढ्या लोकांत कसं विचारायचं? लोक काय म्हणतील?"

ताईनं पदर सावरला आणि आपला कापलेला पाय दिसेल असा जरा पुढे केला. "मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या सख्ख्या भावाला सगळं माहीत होतं. तो सांगत होता, आणि मला त्याचीच लाज वाटली. तू विचार, बाई. यात काय आहे, विचार. याच्याशिवाय त्या शेजारणीची जखम सुकली नसती का, विचार. किती जणांची सुकली आणि किती जणांची नाही, तेही विचार. खरा औषधवाला रागावत नाही, वहीत लिहून दाखवतो. जो रागावेल, तुलाच पापी ठरवील, तिथून उठून ये."

त्या बाईनं मान हलवली, पण बाटली पिशवीत जपून ठेवली. आतून तिचा नंबर पुकारला गेला. ती लंगडत दारापर्यंत गेली, तेव्हा ताई अख्खा दवाखाना ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "आणि मोठ्यानं विचार! हळू विचारलं की कुणी ऐकत नाही!"